आधी भोपळा, मग शेठ

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मिस्त्री केंद्राच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. एरवी दर बुधवारी त्या बाकावर त्यांची बायको बसायची. या बुधवारी ती पित्ताशयातले खडे काढायला दवाखान्यात होती, आणि जाताना बजावून गेली होती, "शेठचा बुधवार चुकवू नका हं. माझ्याजवळ बसून काय करणार आहात, तिथला पंखा दुरुस्त करणार?" म्हणून ते इथे आले होते. ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. सकाळी ती बोलली होती, चहा कधी देणार म्हणून नर्सशी भांडली होती. फोनवरचा माणूस म्हणाला, लगेच या. मिस्त्रींनी विचारलं, का? तो पुन्हा म्हणाला, लगेच या. मिस्त्रींची सगळी हयात लिफ्टच्या कामात गेली होती. मध्येच अडकलेल्या माणसाशी बाहेरून कसं बोलायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि हा माणूस त्यांच्याशी तसंच बोलत होता.

"सरळ सांगा," मिस्त्री म्हणाले. "आहे की नाही?"

मग त्याने सांगितलं.

आतल्या खोलीत त्यांचा मुलगा भोपळ्याच्या पाठीवर ब्रश फिरवत होता. मुलगा म्हणजे चांगला तिशी ओलांडलेला, बापापेक्षा उंच, गालावर दाढीचे खुंट. ऑटिझम आहे हे तो शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. लहानपणापासून आपली सगळी कामं दुसऱ्यांकडून करून घ्यायचा म्हणून आईने त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे तोही स्वतःला शेठच म्हणू लागला. भोपळा हा केंद्रातला कुत्रा. पिवळा, गोल, जागचा हलायला नाखूश. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांना कुत्र्याच्या सोबतीने रोजच्या चार गोष्टी सोप्या व्हाव्यात, एवढंच त्या केंद्राचं काम. लहान मुलांसाठी अशा जागा खूप असतात. मुलाला मिसरूड फुटलं की सगळे हात वर करतात. ही जागा मिस्त्रींच्या बायकोने कुठून कुठून चौकशी करून शोधून काढली होती.

आणि तिथून ती एक युक्ती शिकून आली होती. जे शेठला नको असायचं ते आधी भोपळ्याला करायचं. भोपळ्याची नखं कापायची, मग शेठची. भोपळ्याच्या कानात थर्मामीटर, मग शेठच्या. नवे बूट आणले तर आधी भोपळ्याच्या पंजात घालून बघायचे. भोपळा बिचारा एक पाय वर धरून उभा राहायचा. त्याआधी शेठची नखं कापायची म्हणजे घरात युद्ध असायचं, मिस्त्रींच्या हाताला चावल्याचा व्रण अजून होता. आता तो स्वतःच हात पुढे करून म्हणायचा, "आधी भोपळा, मग शेठ." केस, सुई, डोळ्यात घालायचं औषध, सगळं त्याच क्रमाने व्हायचं. मिस्त्री बायकोची चेष्टा करायचे, "उद्या याचं लग्न ठरलं तर आधी कुत्र्याला बोहल्यावर चढवशील." ती म्हणायची, "चढवीन की. तुमच्या वेळी असा कुत्रा असता तर मीही जरा बघून घेतलं असतं."

कुत्र्यांना शिकवणाऱ्या ताई व्हरांड्यात आल्या आणि मिस्त्रींचा चेहरा बघून थांबल्या. मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं. ताईंनी तोंडावर हात धरला, मग म्हणाल्या, "काका, त्याला मी सांगू का?"

"नाही. मीच सांगतो."

"मग 'गेली' म्हणू नका. कुठे गेली म्हणून तो शोधत बसेल. सरळ सांगा. मेली म्हणा, परत येणार नाही म्हणा."

मिस्त्री आत गेले आणि शेठच्या समोर जमिनीवर बसले. शेठने वर बघितलं नाही. तो ब्रशमधले केस काढून त्यांची गोळी करत होता. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. पोराच्या तोंडाकडे बघून तो शब्द निघेना. समोर भोपळा पडला होता, डोळे अर्धे मिटून. मिस्त्रींना बायकोची रीत आठवली. ते भोपळ्याकडे वळले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भोपळ्या, आई मेली. दवाखान्यात मेली. परत येणार नाही."

शेठचा हात थांबला. मिस्त्री आता त्याच्याकडे वळणार, तेवढ्यात तो उठला. ब्रश डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि दाराशी जाऊन बूट घालू लागला. एरवी निघताना तो भोपळ्याच्या कानाला कान लावायचा. त्या दिवशी लावला नाही.

मिस्त्रींना वाटलं, कळलं त्याला. बरं झालं, एकदाचं सांगून झालं. फोन पुन्हा वाजत होता. ते उठले.

पुढचं सगळं कुणीतरी उरकलं. शेठला स्मशानात न्यायला मावशीने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीने, ठाम नकार दिला. "एवढ्या माणसांत तो बिथरेल, भाऊजी. मी त्याला माझ्याकडे ठेवते." मिस्त्रींच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. ते परत आले तेव्हा शेठ मावशीच्या घरी तिच्या कपाटातल्या चादरी पुन्हा घडी घालून ठेवत होता. हे त्याचं कामच. एका लॉन्ड्रीत तो अर्धा दिवस चादरींच्या घड्या घालायचा, आणि त्याच्या घडीला कुणी नाव ठेवू शकत नसे.

तो रडला नाही. संध्याकाळी जेवायला बसताना तीन ताटं मांडायचा आणि सांगायचा, "आई दवाखान्यात." पहिल्यांदा मिस्त्रींनी मान हलवली. दुसऱ्यांदा म्हणाले, "सांगितलंय ना तुला." पुढे रोजचंच झालं. तो म्हणायचा, "आई दवाखान्यात," आणि मिस्त्री म्हणायचे, "सांगितलंय ना एकदा! जेव." तिसरं ताट ते उचलून ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मांडलेलं असायचं. शेजारच्या बाई येऊन म्हणाल्या, "त्याचं एक बरं आहे हो, त्याला दुःख कळत नाही." मिस्त्रींनी त्यांना चहाही विचारला नाही. दार मात्र जरा जोरात लावलं.

पुढच्या बुधवारी मिस्त्री त्याला घेऊन केंद्राकडे निघाले. बसमध्ये ठीक होता. उतरून चालू लागला. केंद्राचं निळं फाटक दिसलं आणि तो रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसला.

"काय झालं?"

"नको."

"अरे, भोपळा वाट बघतोय."

"नको. शेठ नको."

मिस्त्रींनी हाताला धरून उठवायला बघितलं. शेठ वजनाने भारी, आणि बसायचं ठरवलं की आणखी भारी व्हायचा. येणारे-जाणारे बघू लागले. एका सायकलवाल्याने विचारलं, "काका, चक्कर आली का त्यांना?" मिस्त्री म्हणाले, "मला आलीये. तुम्ही जा."

त्याच्या पुढच्या बुधवारी फाटक दिसायच्या आधीच, वळणावर बसला. त्याच्या पुढच्या बुधवारी बसमधून उतरायलाच तयार झाला नाही. दोघं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले. कंडक्टरला वाटलं, बापलेक हवा खायला निघालेत.

मिस्त्रींना हे कोडं सुटेना. ज्या कुत्र्यासाठी हा माणूस बुधवारी उजाडायच्या आत बूट घालून बसायचा, त्याच्याकडे आता बघायला तयार नाही. लिफ्ट बंद पडली तर मिस्त्री वरपासून खालपर्यंत एकेक गोष्ट तपासत जायचे आणि कुठेतरी बिघाड सापडायचाच. तसं त्यांनी तपासून बघितलं. केंद्रात रंग दिला का? नाही. फिनेल बदललं का? नाही. भोपळा कधी गुरगुरला का? ताई हसल्याच. "काका, भोपळा गुरगुरला तर मी पेढे वाटीन. त्याला तेवढा उत्साह कधी आलाय?" बसचा मार्ग तोच, वेळ तीच. बिघाड सापडेना.

आणि नेमका त्याच दिवसांत शेठचा दात दुखायला लागला.

दाढ होती, खालची. आधी तो एका बाजूने जेवायचा. मग जेवण अर्धं राहायला लागलं. मग गाल सुजला आणि तो रात्रभर कानावर तळहात मारत राहिला. मिस्त्री त्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. शेठ दारातच उभा राहिला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. डॉक्टरांनी लांबूनच सूज बघितली. गोळ्या दिल्या.

"गोळ्यांनी सूज उतरेल, पण दाढ काढावी लागणार," डॉक्टर म्हणाले. "आणि फार थांबून चालणार नाही. पू झालाय. मागे दात भरले तेव्हा तुमच्या मिसेस कुत्रा घेऊन आल्या होत्या ना? तेच करा. मी इतर पेशंट यायच्या आधीची वेळ देतो. कुत्र्याचे दात आधी तपासू, मग याचे. मागे मस्त जमलं होतं."

"तो कुत्र्याकडे जात नाही आता."

"अरे. मग मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल देऊन काढावी लागेल. चिठ्ठी देऊ?"

मिस्त्री म्हणाले, "कोणत्या दवाखान्यात?"

डॉक्टरांनी नाव सांगितलं. तोच दवाखाना. "तिथे मी याला झोपवायला देणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"नाही देणार," म्हणाले आणि शेठचा दंड धरून बाहेर पडले.

म्हणजे आता सगळं त्या कुत्र्यावर येऊन अडलं. शेठ भोपळ्याजवळ गेला तर दाढ निघणार होती, आणि नाही गेला तर त्या दवाखान्याचं टेबल. मिस्त्री हट्टाला पेटले.

त्यांनी स्वतः बायकोची रीत वापरून बघितली. शेठसमोर बसून नेलकटरने स्वतःच्या पायाची नखं कापली. "हे बघ. आधी बाबा, मग शेठ."

शेठने लक्ष देऊन बघितलं आणि म्हणाला, "बाबा कुत्रा नाही."

"नाही, पण समज की आहे."

"शेपटी नाही."

मिस्त्रींनी नेलकटर ठेवून दिलं. शेठची नखं एव्हाना इतकी वाढली होती की चादरींना अडकत होती. लॉन्ड्रीच्या मालकाने एकदा सुचवलं, दुसऱ्यांदा जरा स्पष्ट सुचवलं.

त्यांनी लालूच दाखवली, रागावले, एकदा हात जोडले. मावशी येऊन समजूत घालून गेली. निघताना दारात म्हणाली, "भाऊजी, साधी गोष्ट आहे. कुत्रा बघितला की त्याला अक्काची आठवण येते. तुम्ही उगाच त्याच्या मागे लागलाय."

"आठवण येते तर तीन ताटं कशाला मांडतो?"

"त्याचं ते आपलं असतंच काहीतरी."

"त्याचं आपलं काहीतरी कधीच नसतं," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या बहिणीने मला हजारदा सांगितलं. त्याच्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आपल्याला ते दिसत नाही, आपला दोष. ती असती तर अर्ध्या तासात शोधून काढलं असतं. मला सापडत नाहीये. झालं समाधान?"

मावशी डोळे पुसत गेली. मिस्त्रींना वाईट वाटलं, पण तिला हाक मारण्याइतकं नाही.

ताईंचा फोन आला. "काका, तुमच्या बुधवारच्या जागेचं आता मला वर सांगावं लागेल. मी इतके दिवस टाळलं. रांगेत माणसं आहेत. भोपळाही म्हातारा झाला, त्याला आम्ही मोजक्याच लोकांसाठी ठेवलाय."

"एकदा घरी आणा त्याला," मिस्त्री म्हणाले. "मी डॉक्टरांची वेळ घेतो. घरातून सरळ तिथे जाऊ. घरी आला की नाही कसं म्हणेल? त्याचंच घर आहे."

"त्याला आधी सांगा आम्ही येणार म्हणून. अचानक नको."

"सांगतो," मिस्त्री म्हणाले. आणि सांगितलं नाही. सांगितलं तर तो लॉन्ड्रीतून घरीच येणार नाही, ही भीती.

ताई आल्या तेव्हा दुपार कलली होती. शेठ स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून दुधात पाव कुस्करत होता. दुसरं काही त्याला चावता येत नव्हतं. सूज पुन्हा वर आली होती, डोळा बारीक झाला होता. भोपळा धापा टाकत जिना चढून आला, उंबऱ्यात टेकला, मग शेठचा वास लागला तशी त्याची शेपटी हलायला लागली. एवढा आळशी कुत्रा, पण फरशीवर नखं वाजवत तो जवळजवळ पळत आत गेला.

शेठने वळून बघितलं. वाटी हातातून पडली. त्याने एक आवाज काढला, मिस्त्रींनी कधी न ऐकलेला, आणि बापाला धक्का देऊन, कुत्र्याला ओलांडून तो न्हाणीघरात शिरला. आतून कडी लागली.

मिस्त्रींनी दार ठोठावलं. "शेठ! उघड!"

आतून पाण्याचा नळ सुरू झाला, पूर्ण.

"अरे, डॉक्टर थांबलेत आपल्यासाठी! तुझाच दात काढायचाय ना? का माझा काढायचाय? उघड म्हणतो ना!"

नळ चालूच. मिस्त्री खोलीत गेले आणि हत्यारांची पिशवी घेऊन आले. बिजागरीच्या स्क्रूला पेचकस लावला. पेचकस खाचेतून निसटत होता. आयुष्यभर ज्या हातांनी लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून स्क्रू काढले होते त्यांना घरातला एक स्क्रू धड पकडता येईना.

ताई मागून म्हणाल्या, "काका, स्क्रू काढून काय करणार? दार निघेल. तो नाही निघणार."

"मग काय करू? सांगा ना तुम्ही! सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. कुणी म्हणतं त्याला कळत नाही, कुणी म्हणतं आठवण येते. मला एकाने सांगावं याला त्या कुत्र्याचं काय झालंय!" त्यांनी पेचकस पिशवीत फेकला. "ती होती तोवर सगळं चालायचं. ती गेली आणि सगळं माझ्या अंगावर टाकून गेली. मला काही शिकवून नाही गेली."

ताईंनी भोपळ्याला लांब, दरवाजापाशी बसवलं. मग न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "शेठ, भोपळा लांब आहे. बाहेरच्या दाराजवळ. तुझ्याजवळ येणार नाही."

थोड्या वेळाने नळ बंद झाला.

"शेठ, भोपळा का नको?"

"भोपळ्याचं झालं," आतून आवाज आला. गाल सुजल्यामुळे शब्द जाड येत होते. "भोपळ्याचं झालं. शेठचं नको."

"भोपळ्याचं काय झालं?"

उत्तर लगेच आलं, सगळं एका दमात, आणि मिस्त्रींच्याच आवाजाच्या चालीत. "आई मेली. दवाखान्यात मेली. परत येणार नाही."

मिस्त्री जागच्या जागी उभे राहिले.

"भोपळ्याची आई मेली," शेठ म्हणाला. आता तो स्वतःच्या आवाजात बोलत होता आणि भराभर बोलत होता. "आधी भोपळा, मग शेठ. भोपळ्याचं झालं. आता शेठचा नंबर. शेठ जात नाही. शेठ गेला नाही म्हणजे नंबर नाही. आई दवाखान्यात. आई दवाखान्यात आहे."

ताईंनी मिस्त्रींकडे वर बघितलं. त्यांनी विचारायच्या आधीच मिस्त्री खाली बसले, भिंतीला टेकून, जसे बसता येईल तसे.

"तुम्ही त्या दिवशी भोपळ्याला सांगितलंत?" ताई हळू म्हणाल्या.

"तिची रीत होती ना."

"आणि मग शेठला?"

"तो उठला. मला वाटलं..." मिस्त्री थांबले. त्यांना वाटलं होतं ते आता कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. इतके दिवस हा माणूस रस्त्यात फतकल मारून बसत होता, बसमधून उतरत नव्हता, दाढेचा ठणका सोसत होता, आणि हे सगळं एकाच कामासाठी. आईला जिवंत ठेवायला. आणि मिस्त्री त्याला दंड धरून ओढत होते.

त्यांनी दाराला तोंड जवळ नेलं. "शेठ. ऐक. बाबांचं चुकलं. भोपळ्याची आई मेली नाही."

ताई कुजबुजल्या, "काका, त्याच्या आईचं मलाही ठाऊक नाही हो. पिल्लू होता तेव्हाच आमच्याकडे आला. ती कधीच..."

"तुम्ही जरा गप्प बसा," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा दाराशी, "भोपळ्याची आई ठीक आहे. मी त्या दिवशी चुकीचं बोललो. त्याचा काही नंबर नव्हता, तुझाही नाही. भोपळा नुसता कुत्रा आहे. ये बाहेर."

कडी हलल्याचा आवाज आला. कडी अर्धी सरकली आणि थांबली.

"बाबा म्हणाले, आई मेली," शेठ म्हणाला.

"हो, म्हणालो."

"दवाखान्यात मेली."

"हो."

"भोपळ्याची नाही."

"नाही रे, भोपळ्याची नाही."

दारापलीकडे तो विचार करत होता. मिस्त्रींना त्याचा श्वास ऐकू येत होता, तोंडाने घेतलेला, दुखऱ्या दाढेवरून जाणारा.

"मग कोणाची?" शेठने विचारलं.

मिस्त्रींनी तोंड उघडलं. त्या दिवशी उघडलं होतं तसंच, आणि तसंच मिटलं. आता कुत्रा लांब होता, मध्ये फक्त दार होतं, पोराचं तोंडही दिसत नव्हतं. याहून सोपं कधी होणार नव्हतं. "दार उघड," ते म्हणाले.

"कोणाची मेली?"

"आधी दार उघड, डॉक्टर थांबलेत."

"कोणाची?"

ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांगा, काका."

"तुम्हीच सांगा ना. तुम्हाला असली शिकवण असते. तुम्ही नीट सांगाल."

"त्या दिवशी मी सांगू का म्हटलं होतं. आता तो तुम्हाला विचारतोय, मला नाही."

मिस्त्रींनी बरोबर आहे अशी मान हलवली आणि तरी काही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना दुसरीही भीती होती. आत्ता सांगितलं तर शेठचा हिशेब चुकला नाही असंच ठरणार. आधी भोपळा, मग शेठ. भोपळा घरात आला आणि त्याच दिवशी आई मेली. मग तो जन्मात त्या कुत्र्याकडे फिरकणार नाही. दाढ राहू दे, नखं राहू दे, त्याला जवळची वाटणारी एकच गोष्ट, तीही जाणार. आणि नाही सांगितलं तर तो या दाराआड बसून राहणार. दोन्हीकडून कोंडी. मिस्त्रींनी पुन्हा एकदा तपासून बघितलं, कुठून तरी वाट निघेल म्हणून. निघेना. बायकोला विचारावं असं त्यांच्या मनात आलं, नेहमीच्या सवयीने.

कडी परत जागेवर सरकली. आतून नळ सुरू झाला.

ताई अंधार पडेपर्यंत थांबल्या. मग भोपळ्याच्या खाण्याची वेळ टळून गेली आणि त्यांना निघावं लागलं. जाताना त्या म्हणाल्या की जागा मी अजून एक बुधवार कशीबशी धरून ठेवते, पण तेवढंच माझ्या हातात आहे. भोपळ्याला जिना उतरवताना त्यांनी त्याला उचलून घेतलं. मिस्त्रींनी दिवा लावून धरला. मग डॉक्टरांना फोन करून आज जमत नाही म्हणून कळवलं. डॉक्टर म्हणाले, "ताप आला तर वाट बघू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या." मिस्त्री हो म्हणाले.

खालची दुकानं बंद होऊन बराच वेळ गेल्यावर कडी निघाली. शेठ बाहेर आला तो ओलाचिंब. त्याने आधी सगळी खोली बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं, दाराबाहेर डोकावला. मग जमिनीवर सांडलेलं दूध पुसलं, कोरडे कपडे घातले आणि ताटं मांडली. तीन. मिस्त्रींकडे न बघता, गाल धरून, तो ताटासमोर बसला. या वेळी तो 'आई दवाखान्यात' असं म्हणाला नाही. मिस्त्रींनी तिसरं ताट उचललं नाही.

दोघं जेवायला बसले. जेवण कुणालाच गेलं नाही.

दाढ अजून काढायची आहे. नखं तशीच आहेत. आणि शेठने विचारलं त्याचं उत्तर मिस्त्रींनी अजून दिलेलं नाही.